सुपात घातलेला

आमच्या ह्यांचं नाव सुपडू. खानदेशात हे नाव कसं पडतं, ते सुरतेत वाढलेल्या पोरांना काय ठाऊक! आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून माझ्या सासूनं, शोभाबाईनं, ह्यांना जन्मल्या जन्मल्या सुपात घालून अंगणात ठेवलं. शेजारणीनं उचलून "माझं झालं" म्हटलं, आणि सासूनं पसाभर ज्वारी देऊन ह्यांना परत विकत घेतलं. मरणाला वाटावं, हे लेकरू हिचं नव्हेच. गावची पोरं चिडवायची, "तुला हिंगवाल्या पठाणाकडून घेतलाय रे!"

सुरतेत भेस्तानला आमचं घर, कडोदऱ्याच्या कापडाच्या लूमवर हे मास्तर. आमच्या धर्मेंद्रनं सेलमध्ये ती पूर्वज कुठले ते सांगणारी डीएनएची टेस्ट मागवली, गंमत म्हणून बापाची थुंकी पाठवली. मोबाईलवर रिपोर्ट आला. सत्त्याण्णव टक्के इकडचंच, तीन टक्के मध्य आशिया. मी हसले. ह्यांचा चेहराच उतरला. "हिंगवाले तिकडूनच येतात ना?"

"पप्पा, एवढासा आकडा कच्चा असतो," धर्मेंद्र म्हणाला. "नुसता अंदाज. कंपनी हिशेब सुधारते तेव्हा उडूनही जातो. आणि आई कोण, ते यात कळतच नाही."

ऐकतील तर शपथ! खरं लेकरू मेलं आणि मायनं दुसऱ्याचं विकत घेतलं, हेच डोक्यात बसलं. विचारणार कोणाला? सासूला लकवा मारलेला, वाचा गेलेली. रोज चमच्यानं तिला पाणी पाजणारा हा माणूस, आता चमचा माझ्या हातात देऊन नुसता उशाशी बसायचा. "माय, मी कोना पोऱ्या शे?" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. माझा जीव तुटायचा. मी ओरडायचे, "अहो, तुम्ही जगावं म्हणून केलं हो तिनं ते!" पण भिंतीशी बोलल्यासारखं.

शेवटी पोरानं सांगितलं, खात्रीच हवी तर आजीचीही थुंकी लागेल. नळी मागवली. ती आली त्या दिवशी सकाळपासून सासूला घरघर लागली होती.

"आज नको," मी हात जोडले.

"आज नाही तर कधी?" रडवेला आवाज होता ह्यांचा. मान उचलून त्यांनी नळी तिच्या ओठांशी धरली. "माय, थोडी थुंकी दे ना व."

सासूनं नळीकडे पाहिलं, मग लेकाकडे. किती दिवसांनी तिचा चेहरा निवला! तिनं तोंड उघडलं आणि तशीच वाट पाहत राहिली. तिला वाटलं, लेक शेवटचं पाणी घालतोय.

"अहो, पाणी! पाणी आणा!" मी किंचाळले. हे धावले, फुलपात्र भरून आणलं. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळलं. आत गेलंच नाही.

दहाव्यानंतर कंपनीचा सुधारलेला रिपोर्ट आला. धर्मेंद्रनं वाचून दाखवला. सगळं इकडचंच, ते तीन टक्के कुठेच नव्हते.

ह्यांनी मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "पसाभर ज्वारी देऊन घेतलं होतं तिनं मला. मला घोटभर पाणी देता आलं नाही."