पंपावर पाणी घालणारी आई

आई आज सकाळी गेली. नव्वदी ओलांडली होती, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण "सोनं झालं" म्हणून जातोय.

माझं काही सोनं झालेलं नाही. घर खायला उठलंय.

एकच गोष्ट सांगते. माझ्या जन्माच्या आधीची, तिनंच सांगितलेली.

पन्नासच्या दशकात जुन्नरला आमचं कापडाचं दुकान होतं. आजोबांनी पुण्याहून घेतलेली एक सेकंडहँड विलायती मोटार होती. दर आठवड्याला बाबा ती घेऊन मंचरच्या बाजाराला जायचे.

कळंबला नदी ओलांडून चढ लागला की गाडी बंद!

इंजिनाला चिकटून बसवलेला पेट्रोलचा पंप तापायचा. त्यावर ओलं फडकं टाकायचं, पाणी घालत राहायचं, गार होईपर्यंत थांबायचं.

पाणी घालायला आई बरोबर जायची. आजीनंच तिला हे काम लावलं होतं, दुकानातल्या गड्याचा दिवस मोडायला नको म्हणून.

घरी सासू-सासऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. माणसं इतकी, की रात्री आई बायकांतच झोपायची.

बोलणं व्हायचं ते त्या चढावर, बाभळीखाली. बाबा तिला नावानं हाक मारायचे तेही तिथंच.

"लई बोलायचे गं ते. मी पाणी हळूहळू वतायचे. पंप लवकर गार व्हायला नको म्हणून!"

बाबांनी नवा पंप आणून त्याच जागी बसवला. पुढच्या बाजाराला गाडी पुन्हा चढावर बंद. "मला लई बरं वाटलं," आई म्हणायची.

मग मंचरचे मिस्त्री गफूरभाई म्हणाले, पंपाची जागाच चुकतेय. त्यांनी विजेवर चालणारा पंप मागवला आणि थेट मागं, पेट्रोलच्या टाकीजवळ बसवायला घेतला. तिथं इंजिनाची धगच लागणार नव्हती.

बाबा चहा सांगायला गेले, तेव्हा आईनं धीर केला.

"भाऊ, ऱ्हाऊ द्या की पुढंच."

"अवो वहिनी, आता गाडी थांबायची न्हाई. तुमचा उन्हातला तरास बी वाचला!"

बिचाऱ्याला वाटलं, आपण आनंदाची बातमी देतोय.

गाडी खरंच थांबली नाही. पुढच्या बाजाराला आजी म्हणाली, "आता तुझं काय काम तिथं?" आई चुलीपाशी परतली. बाबा काही बोलले नाहीत. आजीसमोर कसे बोलणार?

पुढं आजी-आजोबा गेले, आम्ही पोरं पांगलो. घरात दोघंच उरली. कुणाचा धाक नाही.

मी एकदा विचारलं, "आता तरी बोलता का गं?"

"बोलतो की. जेवलात का, गोळी घेतली का."

मग म्हणाली, "सवय मोडली गं. काय बोलायचं व्हतं, तेच आठवत न्हाई."

आज सकाळपासून तेवढंच ऐकू येतंय.

आई, नीट जा. बाबा भेटतील. शेजारी आजीही बसलेली असेल.

असू दे.

तिच्यादेखत बोल.