पेवातले ससे आणि शेजाऱ्याची दुपारची झोप

आमच्या शेजाऱ्यावर मी जसा सूड उगवला, तसा साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुणी उगवला नसेल. लोक बांध कोरतात, कडब्याच्या गंजीला काडी लावतात, फार झालं तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवत म्हातारे होतात. ही सगळी घाईच्या माणसांची कामं. मी त्याला सशांची एक जोडी भेट दिली. हात जोडून, वर कोवळ्या घासाची पेंडी ठेवून. त्या भेटीतून तो जन्मभर सुटला नाही.

लढाई संपली आणि पलटणीनं आम्हाला घरी लावून दिलं. गावात परतलेल्या बाकीच्या गड्यांनी ट्रंका आणल्या, बूट आणले, एकानं तर कर्ण्याचा ग्रामोफोन आणला. मी ससे आणले. छावणीतला साहेब विलायतेला निघून गेला होता आणि त्याच्या मुलीचे पांढरे ससे, एक नर नि एक मादी, मेसच्या आचाऱ्याकडे राहिले होते. आचाऱ्याच्या मनात रस्सा होता. मी टोपली उचलली आणि थेट स्टेशन गाठलं. वाटेत तिकीट तपासणाऱ्यानं टोपलीत काय आहे म्हणून हात घातला. नरानं त्याचं बोट असं धरलं की सुटका करून घ्यायला तो मलाच तिकीट काढून द्यायला तयार झाला. असला तो नर. पुढं त्याचं जे झालं ते सांगायच्या आधी त्याचा पराक्रम सांगून टाकला.

आमचं गाव येरळेच्या काठावर, तासगावच्या बाजूला. येरळा पावसाळ्यात नदी, उन्हाळ्यात नुसता वाळूचा पट्टा. वाळूत हातभर खड्डा खणायचा, त्याला आम्ही झिरा म्हणतो, आणि पाणी पाझरायची वाट बघत उकिडवं बसायचं. त्या साली चैत्रातच ऊन असं पेटलं की बाभळीची सावलीसुद्धा दुपारी बुंध्याला चिकटून बसायची, पाय भाजायला नकोत म्हणून. गावच्या कुत्र्यांनी जिभा बाहेर काढल्या त्या मिरगाच्या पावसापर्यंत आत घेतल्या नाहीत. आमचा कोंबडा सकाळची बांग सुरू करायचा आणि घसा वाळला म्हणून उरलेली संध्याकाळी पुरी करायचा.

या उन्हात ससे मरायला टेकले. माणसाला घाम येतो, म्हैस डबक्यात बसते, सशाला दोन्ही नाही. त्याची सगळी उष्णता कानांतून बाहेर पडायची. कान तापून लाल झाले, धाप लागली, पुढ्यातला घास तसाच राहिला. मादी तर गाभण होती. बायको दिवसभर ओल्या फडक्यानं त्यांचे कान पुसत बसली आणि भाकरी करपल्या तरी आमच्या घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

उपाय आईनं काढला. आमच्या घरामागच्या परड्यात, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून, एक जुनं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठी. तोंड लहान, पोट मोठं. आतमध्ये ज्वारी भरून वर फरशी ठेवायची, शेणमातीनं लिंपून टाकायची, की वर्षानुवर्षं दाण्याला कीड नाही. आमचं पेव कड ढासळून निम्मं बुजलं होतं, छातीइतकंच खोल उरलं होतं. आईनं आधी दोरीला बांधून दिवा आत सोडला.

"दिवा इझला तर आत ससा काय, देव बी जगायचा न्हाई," ती म्हणाली.

दिवा तेवत राहिला. मग मी झिऱ्यातली ओली वाळू आणून तळाला पसरली, रांजणाच्या पाण्यात बुडवून गार केलेली शहाबादी फरशी सशांना पडायला ठेवली, तोंडावर मांजर येऊ नये म्हणून बाभळीच्या फांद्या घातल्या आणि निम्म्या तोंडावर ओलं पोतं टाकलं. निम्म्याच. वारं आतबाहेर खेळलं पाहिजे. ससे फरशीवर पोट टेकून असे पसरले की वर वैशाख आणि खाली महाबळेश्वर.

आता शेजारी. मी त्याला मामा म्हणायचो, कारण आईचं माहेर आणि त्याचं आजोळ एक. अंगानं भरदार, ऊन दिसलं की बिळात शिरणारा. दुपारची झोप हा त्याचा धर्म. जेवला की भिंतीपलीकडच्या सोप्यात घोंगडं अंथरायचा आणि असा घोरायचा की आमच्या फळीवरची भांडी एकमेकांना विचारायची, काय झालं म्हणून. पण सशाची एक खोड आहे. घाबरला की मागचे पाय जमिनीवर आपटतो. वरून घार गेली की नर ढप्प करायचा आणि पेव असं घुमायचं की मामाच्या उशाखाली कुणी ढोल बडवतंय.

एक दिवस तो भिंतीवरून डोकावला. डोळे सुजलेले.

"पलटणवाल्या, तुझ्या सशांनी माझी झोप खाल्ली."

"घास खात्यात, मामा. झोप न्हाई खात."

"चेष्टा नको रं. म्हातारं माणूस हाय मी."

"म्हातारं म्हनं. काल आमरसाच्या पंक्तीला तुमचं वय कुठं गेलं हुतं?"

तो हसला. मी पण हसलो. त्या हसण्याला मी फसलो.

चार दिवसांनी पलूसला बायकोच्या भावाचं लग्न. घरदार निघालं. गाभण मादीला बैलगाडीत हिंदकळत नेणं बरं नव्हे, म्हणून ससे पेवातच ठेवायचे ठरले. मी मामाला विनवलं, दोन वेळा घास टाका, पाणी बदला, पोतं वाळलं की भिजवा.

"बिनघोर जा," मामा म्हणाला. "मी हाय न्हवं हितं."

लग्न लावून परतलो. परड्यात पाय ठेवला आणि पेवाकडं बघितलं. पोतं नव्हतं, फांद्या नव्हत्या. तोंडावर जाड फरशी, आणि कडेनं शेणमाती लिंपलेली. गुळगुळीत, बोटांचे ठसे उमटलेले, जसं ज्वारी भरलेलं पेव लिंपतात तसं. भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज येत होता.

फरशी मी पहारीनं उचलली. नर ढासळलेल्या मातीवर चढून तोंडाशीच मरून पडला होता. पाय वर करून, मातीच्या कडेला नखं लागलेली. खाली मादी दिसेना. आईनं मला हातानं अडवलं, आधी दिवा सोडला, तो फडफडला आणि विझला. सुपानं आत वारं घातलं, पुन्हा दिवा सोडला, मग मी उतरलो. ढासळलेल्या कडेला मादीनं आडवं बीळ उकरलं होतं आणि एका भेगेला नाक लावून पडली होती. अंगात धुगधुगी.

आवाजानं मामा जागा होऊन आला. त्यानं बघितलं आणि आमच्याच रांजणाकडं धावला. "घागर वता तिच्यावर. गार पानी वता."

"हात लावशील तर बघ," आई म्हणाली. "तापल्या तव्यावर पानी टाकल्यावानी मरंल ती."

आईनं पदर भिजवला, पिळला आणि नुसते कान पुसत राहिली. बायकोनं करंगळीनं ओठाला पाणी लावलं. मी विंझणा घेऊन बसलो. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिघं तसेच. शेवटी मादीनं एक डोळा उघडला आणि आमच्याकडं असं बघितलं की हे घर सोडून जावं की काय याचा ती विचार करते आहे.

मामा अजून उभाच होता. "उघडं पेव टाकू नये, गड्या. वाडवडलांची शिकवन हाय. ढोर पडलं असतं, साप गेला असता. मी तर तुझा माल राखला."

पेव लिंपण्यात गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ज्वारी असती तर तीन वर्षं टिकली असती. नराला लिंबाखाली पुरला, वर दगड ठेवला आणि मनात ठरवलं. याची झोप घ्यायची. एक दिवसाची नाही, मुळासकट.

पंधरवड्यानं अक्षय्य तृतीया, आमची आखिती, आली. आमच्याकडं या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचा घट देतात. वरचे लोक उन्हाळ्यात तहानलेले असतात. मामा जगात एकाच माणसाला भ्यायचा, आपल्या मेलेल्या बापाला. त्या म्हाताऱ्याच्या मिशा बघून वळू रस्ता बदलायचे. मी मामीला, म्हणजे मामाच्या बायकोला, पाणवठ्यावर गाठलं.

"मामी, कुनाला सांगू नका. थोरला मामा, म्हंजी तुमचा सासरा, माझ्या सपनात आला. मिशा वाळलेल्या. म्हनला, माझ्या लेकानं मुक्या जिवाचं तोंड लिंपलं, तवापासनं माझा घसा बंद हाय. त्यानं आखितीपासनं मिरगापतोर भर दुपारी सोताच्या खांद्यानं पानी आनून वाटसरूला पाजलं तरच सुटंल."

मामीला कुणाला सांगू नका म्हणणं म्हणजे दवंडी देणं. घागर घरी पोचायच्या आधी बातमी चावडीवर पोचली. संध्याकाळी मामा आला, तोंड पांढरं.

"माझ्या सपनात का आला न्हाई त्यो? तुझ्याच का?"

"तुमी दुपारचं झोपता, मामा. पितर पहाटं येत्यात."

आखितीला तासगावच्या फाट्यावर पाणपोई उभी राहिली. चार मेढी, वर उसाचं पाचट, खाली वाळूत दोन रांजण. सावलीला बसून पाणी पाजायचं असतं तर मी एवढी खटपट केलीच नसती. खरी गंमत कावडीत होती. दुपारी येरळेची वाळू अशी तापायची की भुईमूग टाकला तर शेंगा भाजून निघाव्यात, आणि त्या वाळूतून मामा खांद्यावर कावड घेऊन उड्या मारत यायचा. मी रोज जायचो. मांडी घालून बसायचो, ओंजळ धरायचो आणि सावकाश प्यायचो.

"आनि वाईच वता, मामा. थोरल्या मामाचा घसा लय वाळलाय."

"पी की. तुझ्या पोटात येरळा हाय का काय?"

आठवडाभर मला जेवण गोड लागलं. मग एका सकाळी मामा आमच्या दारात आला, आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून. चेहऱ्यावर मी ओळखीन असं भोळेपण होतं. ते माझंच होतं.

"पहाटं बा आला सपनात," तो आईला म्हणाला. "तुमचा लेक म्हनला तसंच. पर एकटा नव्हता. संगं ह्येचा बा हुता."

वारलेल्या नवऱ्याचं नाव निघताच आईच्या हातातला तांब्या थांबला. "काय म्हनलं त्ये?"

"म्हनलं, ससं आनलं कुनी? लगनाला जाताना जिवाला परक्याच्या हवाली केलं कुनी? माझ्या बी पोरानं कावडीला खांदा द्यावा."

आईनं डोळ्यांना पदर लावला आणि कोपऱ्यातली कावड आणून माझ्यापुढं ठेवली. मी कावड उचलली. पितर पहाटे येतात आणि खरं बोलतात, हे अख्ख्या गावाला मीच पटवून दिलं होतं. त्या दिवसापासून येरळेच्या वाळूत आम्ही दोघं उड्या मारत निघालो. तो पुढं, मी मागं. माझ्या तळव्यांची कातडी इतकी जाड झाली की पुढच्या साली मी वहाण घेतलीच नाही.

"मजा येतीया का रं?" तो वळून विचारायचा.

"तुमच्यापरीस कमी, मामा."

मादी मात्र पेवात गार फरशीवर. आई आणि बायको पोतं भिजवायच्या, दिवा सोडून बघायच्या. वैशाखाच्या भट्टीत तिनं त्याच आडव्या बिळात पोटाचे केस उपटून अंथरूण केलं आणि मूठभर पिल्लं घातली. उंदरासारखी लाल, आंधळी. सगळी जगली. त्यातल्या एकानं पुढं माझं बोट बापासारखंच धरलं, तेव्हा मी लिंबाखालच्या दगडापाशी जाऊन सांगून आलो.

आणि मामा? त्याचं काय वाईट झालं? काही नाही. घाटावरून येणाऱ्या गाडीवानांनी त्याला पुण्यवान म्हणायला सुरुवात केली. बायका लेकरांना पाया पडायला आणू लागल्या. मुक्या जिवापायी एवढं प्रायश्चित्त घेणारा दयाळू माणूस म्हणून त्याला मिरगाला नारळ दिला, गुलाल लावला. मलाही लावला, त्याचा उरलेला. नारळ बघून माझं अंग असं पेटलं की उन्हाला लाज वाटावी. नराला कोंडून मारणारा हा दयाळू.

मग त्याच गुलालात मला वाट दिसली. दया. मी घरी गेलो, पिल्लांतली एक जोडी निवडली, चांगली तगडी, नर आणि मादी. टोपलीत घालून सगळ्यांसमोर त्याच्यापुढं ठेवली.

"मामा, मुक्या जिवांचं तुमच्याइतकं कुनी करत न्हाई. ह्ये तुमचं."

गाव बघत होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

"एक बास की," तो पुटपुटला.

"एकटा ससा झुरतो, मामा. पाप लागतं."

दिवाळीपर्यंत ती जोडी जोडी राहिली नाही, पलटण झाली. संक्रांतीला त्यांनी मामाची मेथी संपवली, होळीला सोप्याची भुई पोखरली. एका दुपारी मामा घोरता घोरता घोंगड्यासकट गुडघाभर खाली गेला असं मामी सांगायची, आणि मी तिला कमरेइतका असं सांगायला शिकवलं. कापून खावं तर दयाळूपणा जातो. सोडून द्यावं तर गावातली लेकरं आपणहून टोपलीत घालून परत आणतात, मामा, तुमचा ससा हरवला हुता.

पुढचा चैत्र आला. ऊन तसंच. जेवून मी आमच्या सोप्यात घोंगडं अंथरलं. भिंतीपलीकडून पाय आपटल्याचे आवाज येत होते, एक नव्हे, पंचवीस-तीस जागी. मग मामा भिंतीवरून डोकावला. हातात भिजलेलं पोतं, खांद्यावर फडकं, डोळे सुजलेले.

"पलटणवाल्या, ऐक की रं. वाळू सारखी वाळतीया. कान तापल्यात समद्यांचे. काय करू?"

"ओल्या फडक्यानं पुसा. एकेकाचे."

"आनि मग?"

"मग पहिल्यापासनं. दुपारचं जागं ऱ्हावं लागतं, मामा."

त्यानं माझ्या घोंगड्याकडं बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. मग कुठंतरी ढप्प झालं आणि तो धावला. बादलीचा आवाज आला, मामीला हाक मारल्याचा आवाज आला. मी लिंबाखालच्या दगडाकडं एकदा बघितलं, कूस बदलली आणि उन्हं उतरेपर्यंत घोरलो. मुद्दाम, मोठ्यानं.