चौसष्ट देवांची संस्थापक

एक्केचाळीस नंबरवर नारळ फुटला तेव्हा मी जीपमध्ये बसून डबा खात होते.

आमचा ज्युनियर इंजिनियर पाठक खिडकीशी आला. "मैडम, अपने इकतालीस नंबर की पूजा हो रही है."

मला वाटलं ठेकेदारानं कामाचा मुहूर्त केला असेल. पण ठेकेदार गुप्ताजी झाँसीत होते आणि काम सुरू व्हायला अजून अवकाश होता. मी हात धुतले आणि खाली उतरले.

मी रस्त्यांच्या सरकारी खात्यात असिस्टंट इंजिनियर होते. टहरौलीकडे जाणारा एक जोडरस्ता रुंद करायचा होता. रस्ता रुंद करायचा तर आड येणारी झाडं आधी मोजावी लागतात. प्रत्येक झाडाची थोडी साल खरवडायची, पिवळा पट्टा मारायचा, त्यावर लाल रंगानं नंबर घालायचा. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर मोजायचा. मग यादी वनखात्याकडे जाते, मंजुरी येते आणि झाडं तोडली जातात. मंजुरी आली होती. यादीत चौसष्ट झाडं होती. खरं तर पासष्ट. जवळजवळ उभे दोन शिसम आम्ही चुकून दोन खोडांचं एकच झाड धरले होते.

एक्केचाळीस नंबर म्हणजे एक जुना महुआ, आपला मोह. गावाच्या वळणावर उभा. त्याच्या बुंध्याशी सात-आठ बायका बसल्या होत्या. माझ्या नंबराला हळदकुंकू लागलं होतं.

"हे काय चाललंय?" मी हिंदीत विचारलं.

"इकतालीस बाबा," पुढची बाई म्हणाली. ही रामकली. साठीची असेल. दर चैतात ह्याच झाडाखाली पडलेली महुआची फुलं वेचून वाळवायची आणि विकायची, असं नंतर कळलं. तिनं मला पाहिलं आणि उठून माझ्या पायाला हात लावला. मागोमाग बाकीच्यांनीही.

"अरे, माझ्या कशाला?"

"स्थापना तुमनेई तो करी," रामकली म्हणाली.

पाठक खोकून दुसरीकडे बघायला लागला. मग त्याच्याकडून एकेक गोष्ट बाहेर आली. मोजणीच्या दिवशी मी ह्या झाडाभोवती टेप घेऊन फिरले होते. घेर मोठा, टेप पुरेना, म्हणून तीनदा फिरले. आकडे विसरू नयेत म्हणून पुटपुटत होते. टेपचं दुसरं टोक पकडायला झाडाला मिठी मारली. लाल रंग लावला. शेवटी पाय मुळात अडकला, तोल गेला आणि रंगानं भरलेला पंजा खोडावर उमटला. पाचही बोटं स्वच्छ. ऊन होतं म्हणून डोक्यावर पदर होता आणि मोजताना चपला चिखलात रुतत होत्या म्हणून त्या काढलेल्या होत्या.

शहरातून एक पंडिताइन आली, अनवाणी तीन फेरे घातले, मंत्र म्हटले, गळाभेट घेतली, सिंदूर लावला, पंजाचा थापा उमटवला. गावानं पाहिलं ते असं. मला नाकारण्यासारखं त्यात काही सापडेना.

ऑफिसात ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगितली. सगळे हसले. पंधरा दिवसांनी कुणी हसत नव्हतं.

एक्केचाळीसनंतर बाकीचे जागे झाले. बारा नंबर तापावर चालायचा. सत्तावीस नंबर परीक्षेचा, त्याला पेन बांधायचे. तेहतीस नंबर बदलीचा, तिथं झाँसीहून मोटारी यायला लागल्या. त्यात आमच्या खात्याच्या दोन गाड्या मी स्वतः ओळखल्या. वर आकडा चौसष्ट. "चौंसठ योगिनी!" एक म्हातारा मला म्हणाला, "गिन के चौंसठ! तुमच्या सरकारला हे कसं कळलं?" दोन खोडांच्या शिसमाबद्दल मी गप्प बसले.

झाडं तोडणारी टोळी आली. करवत, दोर, ट्रॉली, सगळं घेऊन. एक नंबरपाशी त्यांनी चपला काढल्या, नमस्कार केला आणि परत ट्रॉलीत बसले.

मी गुप्ताजींना फोन केला. "तुमची माणसं काम करत नाहीत."

"मैडम, ते कसं करणार? मी स्वतः एकोणीस नंबरला नवस बोललोय. मुलीचं लग्न जमलं."

"मग आता?"

"आता एकोणीस नंबरला चबुतरा बांधतोय. आपल्याच सिमेंटनं."

आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर सक्सेना साहेब. माणूस वाईट नाही, पण कागद बघितल्याशिवाय त्यांना काही दिसत नसे. ते म्हणाले, "रस्त्याच्या हद्दीत धार्मिक स्थळ आलं की वेगळी प्रोसीजर आहे. आधी लेखपालाचा रिपोर्ट मागवा." लेखपाल म्हणजे आपल्याकडचा तलाठी. तो गेला, छापील नमुना भरून आला. देवतेचं नाव: क्रमांक एक ते चौसष्ट. स्वरूप: वृक्ष. पुजारी: नाही. संस्थापक: सहायक अभियंता, महिला.

कागद वर गेला. वरून माझ्या नावानं नोटीस आली. सरकारी जमिनीवर विनापरवानगी चौसष्ट धार्मिक स्थळं आपण कोणत्या अधिकारात स्थापन केलीत, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

त्या दिवशी मात्र मी घाबरले. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. चार्जशीट निघाली असती तर तीस वर्षांच्या नोकरीवर ठपका बसला असता, आणि तोही असा, की सांगायला गेलं तर ऐकणारा हसायचा.

घरी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नोटीस वाचून दाखवली. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, वय चौऱ्याऐंशी. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून इथं पूजाअर्चा करायला आले. अण्णांच्या आजोबांनी ते सोडलं, त्याचा अण्णांना फार अभिमान.

"तीन पिढ्या आम्ही भिक्षुकीपासून लांब राहिलो," ते म्हणाले. "आणि तू सरकारी गाडीतून जाऊन चौसष्ट देव बसवलेस?"

"अण्णा, मी मोजत होते."

"आमचे आजोबाही हेच म्हणायचे, बरं का. जप म्हणजे काय, मोजणंच." मग एकदम गंभीर झाले. "पण बेटा, झाडं तोडायची नाहीत असं त्या लोकांना वाटतं, तर ते सरळ सांगत का नाहीत?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. दुसऱ्या दिवशी एकटीच गेले. रामकली फुलं वेचत होती. जमिनीवर पिवळसर, रसरशीत फुलांचा सडा होता आणि सगळीकडे तो गोड, आंबूस वास. मी तिच्या शेजारी बसले.

"अम्मा, खरं सांगा. नंबर म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हओ," ती म्हणाली. हो. "मागच्या रस्त्याच्या वेळीही घातले होते. नंबर आला की करवत येते. आम्ही गावच्या प्रधानाकडे गेलो, तहसीलला अर्ज दिला. तिथं म्हणाले, झाडं तर यादीत आहेत."

"मग हा देव?"

तिनं हातातलं फूल टोपलीत टाकलं. "काए मैडम, तुम्हाला वाटतं मी नाटक केलं? लग्न होऊन आले तेव्हापासून ह्याचं खाल्लंय. दुष्काळात ह्यानंच जगवलं. देवता तो पहलेई से हतो. नंबर तुमने दओ, सो अब तुम्हें भी दिखन लगो."

देव आधीपासूनच होता; मी नंबर दिला तेव्हा तो मलाही दिसायला लागला. मीही फुलं वेचायला लागले. वाकून काम करणं मला जमत नव्हतं, ते तिनं पाहिलं आणि टोपली माझ्याकडे सरकवली.

परतताना जीप थांबवत थांबवत आले. आणि पहिल्यांदा त्या झाडांकडे नीट पाहिलं. सत्तावीस नंबरच्या कडुनिंबाला पेनांसाठी खिळे ठोकले होते. बारा नंबरच्या बुंध्यावर तेलाचा काळा थर, मुळाशी दूध आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. तेहतीसला इतके दोरे आवळले होते की साल दोऱ्याच्या वरून फुगली होती. एकोणीस नंबरच्या शिसमाला गुप्ताजींनी सिमेंटनं गळ्यापर्यंत बांधून काढलं होतं आणि वर पानं पिवळी पडली होती. मुळांना हवा लागते, पाणी लागतं. आमच्या करवतीनं जे एका दिवसात झालं असतं ते आता हळूहळू, घंटा वाजवत चाललं होतं.

मी गाव गोळा केलं. उभी राहून समजावलं. मुळं, हवा, साल झाडाला कशासाठी असते, सगळं. लोकांनी ऐकून घेतलं.

"पर बाबा का क्या आदेश है?" एकानं विचारलं.

"बाबांनी मला काही सांगितलेलं नाही. मी इंजिनियर म्हणून सांगतेय."

लोक एकमेकांकडे बघून उठायला लागले. संस्थापकच असं म्हणायला लागली तर काय करायचं, असा त्यांचा चेहरा.

रामकलीनं माझा हात धरला. "ऐसे नईं. पहली बार जैसे करो थो, वैसेई करो."

खोटं मला बोलायचं नव्हतं. पण घेर पुन्हा मोजण्यात खोटं काय होतं? पाठकनं टेप आणली, रंग आणला. मी चपला काढल्या. एक नंबरपासून सुरुवात केली. टेप गुंडाळायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा. मागून गाव तो आकडा म्हणायचं. दुपारपर्यंत आवाज इतका लागला की तिकडून जाणारी बस थांबली आणि लोक उतरून आकड्यात सामील झाले.

मला काही दिव्य वाटलं, असं मी म्हणणार नाही. पण तीस वर्षांत मी झाडांना फक्त तोडण्यासाठी हात लावला होता. त्या दिवशी प्रत्येक खोडाला कान टेकेपर्यंत जावं लागलं. एकाच्या ढोलीत पिंगळा होता. एकाची साल उन्हातही गार होती. पन्नासाव्या झाडाला मी घेर सांगायचाच विसरले आणि तशीच टेकून उभी राहिले. गावानं मला घाई केली नाही.

प्रत्येक पट्ट्याखाली मी लाल अक्षरांत लिहिलं: "केवल जल चढ़ाएँ। तेल, दूध, कील, धागा मना है। आज्ञा से, सहायक अभियंता." रंग वाळायच्या आत लोकांनी खिळे उपसले. तासभर विज्ञान सांगून जे झालं नाही ते दोन ओळींनी झालं. गुप्ताजींना फोन केला, तर ते स्वतः हातोडा घेऊन आले. कान पकडून एकोणीस नंबरची माफी मागितली आणि चबुतरा फोडला.

राहिला माझा खुलासा. मी लिहिलं: "मी स्थापना केलेली नाही, मोजणी केली आहे. दोन्हींची रीत सारखी असल्यानं गैरसमज झाला."

"यह दूसरी लाइन काटिए," सक्सेना साहेब म्हणाले.

"सर, ती खरी आहे."

"इसीलिए काटिए." मग त्यांनी चष्मा काढला. "मी प्रोसीजर वाचली. चौसष्ट धार्मिक स्थळं हलवायची तर चौसष्ट प्रकरणं जिल्ह्याच्या समितीपुढे जाणार. प्रत्येकाची वेगळी सुनावणी. आणि रस्ताच थोडा सरकवायचा तर काय लागतं?"

"तुमची सही."

"रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे?"

मी आणि पाठकनं एकमेकांकडे पाहिलं. आम्हाला माहीत नव्हतं. ड्रॉइंगमध्ये डावी बाजू रुंद करायची होती, म्हणून आम्ही डावीकडेच चाललो होतो. ड्रॉइंगमध्ये डावी का, तर मागच्या ड्रॉइंगमध्येही डावीच होती. उजवीकडे जाऊन पाहिलं. सरकारी पडीक जमीन. गावापर्यंत सलग.

साहेबांनी सही केली. रस्ता उजवीकडे रुंद झाला. माझ्या खुलाशावर "विचाराधीन" असा शेरा पडला आणि मी निवृत्त झाले तरी तो तसाच होता. यादीतली त्रेसष्ट झाडं उभी आहेत. एकोणीस नंबर वाळला. चबुतरा फोडायला उशीर झाला होता. गुप्ताजींनी तिथं दुसरा शिसम लावला आणि त्याला रोज पाणी घालायला माणूस ठेवला.

उजवीकडे नऊ बाभळी होत्या. घेर कमी, म्हणून नियमानं त्यांना नंबर लागत नाही. त्या एका सकाळी गेल्या. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. घरी आल्यावर मात्र त्यांचा घेर मी वहीत लिहून ठेवला, अंदाजानं.

नव्या इंजिनियरांना मी एवढंच सांगते. झाडं मोजायला निघण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत जा. अर्धा दिवस लागतो. आम्हाला त्यासाठी चौसष्ट देव आणि एक नोटीस लागली.