फेसाळलेला दगड

कारखानीस बाई शाळेच्या प्रयोगशाळेचं कुलूप काढायच्या आधी दारावर डस्टर आपटायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "आत कोणी असेल तर बाहेर निघा बरं." हा इशारा पालींसाठी असायचा. शास्त्र शिकवणारी ही बाई पालीला, विजेला, बेडकाच्या बरणीला, सगळ्याला घाबरायची. धामणकर नाक्यावर रस्ता ओलांडताना माझा दंड असा धरायची की बोटांचे वळ उठावेत. आम्ही मास्तरणी तिची टिंगल करायचो. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "घाबरायला कोणाची ना नाही. हातातलं काम तेवढं खाली ठेवायचं नाही."

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. माझ्या सासूबाईंना अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एक दगड सापडला होता. मुठीएवढा, करडा, आणि त्यावर पाय आवळून बसल्यासारखं काहीतरी उमटलेलं. सासूबाई जुन्या वळणाच्या. समुद्राने आपण होऊन दिलेला देव म्हणून त्यांनी त्याला शेंदूर लावून देव्हाऱ्यात बसवला. दिवाळीच्या आधी त्या देव घासायला बसल्या. पितळेच्या देवांना चिंच-लिंबू चोळतात तसं त्यांनी ह्यालाही लिंबू चोळलं. दगडावर बारीक बुडबुडे आले, मग पांढरा फेस धरला. सासूबाईंच्या हातातून तो ताम्हनात पडला.

त्याच आठवड्यात माझी मीना अंगणात खेळताना कोसळली. हातपाय ताठ, डोळे फिरलेले, आणि तोंडाला फेस.

तिला पुन्हा झटका आला तेव्हा सासूबाईंनी माहेरच्या गावच्या भगताकडून कौल मागवला. देव पोळला आहे, पोरीला अकलोलीच्या गरम कुंडात बुडवून काढा, असा त्याचा निरोप. यजमान आईच्या शब्दाबाहेर जात नसत. जायचं अमावास्येला ठरलं. कढत पाणी आणि त्यात झटका आलेली मीना, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. खरं सांगते, दगडाचीही मला भीती वाटत होती. तांदूळ निवडताना पाठ देव्हाऱ्याकडे होऊ देत नव्हते.

शाळेत बाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "अगं सुमती, मला कशाला सांगितलंस?" म्हणाल्या. आणि दुपारी आल्या. पिशवीत जुना दात घासायचा ब्रश आणि गोधडीची सुई.

आधी हात धुतले, देव्हाऱ्याला नमस्कार केला. "आजी, उचलू का याला?"

"उचला. पन काय झाला तं मला सांगू नका," सासूबाई भिंतीला टेकून म्हणाल्या.

बाई दगड मांडीवर घेऊन बसल्या. पाण्याने भिजवायचा, ब्रशने हळूच पुसायचा, खाचेतला शेंदूर नि वाळू सुईच्या टोकाने कण कण काढायची. हात थरथरत होते. "भित्र्याचा हात हलका पडतो, सुमती. जोर लावला तर पाय तुटेल," त्या पुटपुटल्या. शेंदराखालून एक नांगी निघाली, मग पाठीचं कवच.

"आजी, हा खेकडा आहे. फार फार जुना. चिखलात रुतला, वर शिंपल्यांचा चुरा बसला, आणि सगळ्याचा मिळून दगड झाला. शिंपल्यात चुना असतो. चुन्याला लिंबू लागलं की फेस येतोच." मीनाने त्याच किनाऱ्यावरून आणलेला एक शिंपला मागवून त्यांनी त्यावर लिंबू पिळलं. फेस आला.

सासूबाईंनी तो बराच वेळ पाहिला. "मान्य. पन मंग पोरीच्या तोंडाला फेस का आला? तिला कुनी लिंबू पिलला?"

तेवढ्यात दाराशी बसलेली मीना कलंडली.

सासूबाई नाकाशी धरायला कांदा आणायला धावल्या. मी जागची हललेच नाही. बाईंचे ओठ पांढरे पडले होते. पण त्यांनी दगड जपून पाटावर ठेवला, मीनाला कुशीवर वळवलं, पदराची घडी डोक्याखाली दिली. "तोंडात काही घालू नका. धरू नका. थांबा," एवढंच म्हणत राहिल्या. मीना शांत झाली तेव्हा बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आजी, दगडाचा फेस मला कळतो. पोरीचा कळत नाही. तो डॉक्टरला कळेल. तिला कुंडात नका नेऊ हो."

"आन देवाचा कोप?"

बाईंनी पाटावरच्या दगडाकडे पाहिलं. घरात त्या एकट्याच राहायच्या. "मी नेते याला. कोप व्हायचा तो माझ्या घरी होऊ दे."

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. बाईंनी दगड पदराच्या टोकाला बांधला. जाताना नाक्यापर्यंत सोबतीला मला घेतलं.

कुंडावर जाणं राहिलं, मीनाला डॉक्टरकडे नेलं, औषधं सुरू झाली. झटके कमी होत गेले, पुढे थांबले. बाई मात्र दगडाचा विषय निघाला की हसायच्या, "आहे फळीवर. काय खातोय थोडाच?"

परवा बाई गेल्या. त्यांची खोली आवरायला मी आणि मीना गेलो. फळीवर खेकडा होता, इतका स्वच्छ की पायांचे सांधे मोजावेत. त्याच्यापुढे एक निरांजन, आणि वरच्या भिंतीवर काजळीचा जाड काळा पट्टा. शेजारीण म्हणाली, "रोज तिन्हीसांजेला लावायच्या. मीनाला सांभाळ, म्हणायच्या. कोण हो मीना?"

आमच्या घरातली भीती ही बाई पदराला बांधून घेऊन गेली आणि इतकी वर्षं एकटीने घाबरत राहिली. मला रडू आवरेना. मीनाने निरांजन पुसून पिशवीत ठेवलं. मी दगड उचलून पदरात घेतला. नाक्यापर्यंत माझे हात थरथरत होते, पण तो मी खाली ठेवला नाही.