नववा फर्मा, दहावा फर्मा

थोरलीने त्या नेत्याचं आत्मचरित्र वाचायला घेतलं ते थेट मधूनच, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात घड्या घालणाऱ्या बाईच्या वाट्याला पुस्तक येतं ते असंच. छापखान्यातून भलेमोठे कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं. त्याला म्हणायचं फर्मा. तीन घड्या घातल्या की ती सोळा पानं क्रमाने लागतात. एका बाईने एकच फर्मा धरायचा, त्याची थप्पी संपेपर्यंत दुसऱ्याला बोटही लावायचं नाही, हा तिथला नियम. कारण फर्मे मिसळले की पुस्तकाचा सत्यानाश. थोरलीला मिळाला होता नववा. म्हणजे आधीच्या आठ फर्म्यांत काय घडलं ते ठाऊक नाही, पुढे काय होणार त्याचा पत्ता नाही, मधली सोळा पानं मात्र तोंडपाठ.

आता तुम्ही म्हणाल, घड्या घालायच्या सोडून ही बाई वाचते कशाला? अहो, दिवसभर नजरेसमोर तोच कागद! हात आपले आपण चालतात, लाकडी पट्टी घडीवरून सरसर फिरते, मग डोळ्यांनी करायचं काय, छताचे पोपडे मोजायचे? आजवर तिने असे किती तुकडे वाचले असतील. एका कादंबरीत तिने लग्न जमताना पाहिलं, पण कुणाचं ते आजतागायत कळलेलं नाही.

या पुस्तकाने मात्र सगळ्या खोलीला वेड लावलं. कुठल्याशा दूरच्या देशातला काळा माणूस. तिथे राज्य गोऱ्यांचं. काळ्यांनी कुठल्या बाकावर बसायचं, कुठल्या दाराने आत यायचं, सगळं गोऱ्यांनी ठरवलेलं. हा गडी त्याविरुद्ध उभा राहिला, पकडला गेला, आणि आपली सगळी हकीगत त्याने स्वतःच लिहिली. पुस्तक फिरत फिरत आपल्या भाषेत आलं आणि या खोलीत सोळा-सोळा पानांनी वाटलं गेलं.

मग काय, जेवणाच्या सुट्टीत ज्या-त्या बाईने आपला फर्मा सांगायचा असं ठरलं. पहिला चष्मेवालीकडे. त्यात नेत्याचं लहानपण होतं, म्हणून ती आठवडाभर लाडात बोलत होती. पाचव्यात कोर्टातला खटला होता. तो जिच्याकडे होता तिचं नाव पडलं वकीलीणबाई, कारण ती चहाच्या कपावरूनही उलटतपासणी घ्यायला लागली: "कप आपला आहे असं आपलं म्हणणं आहे. पुरावा काय?" सर्वांत कमनशिबी ठरली शेवटच्या फर्म्याची बाई. तिच्या वाट्याला नुसती नावांची आणि पान-क्रमांकांची सूची. बिचारी म्हणायची, "तुमच्याकडे माणसं जगतात-मरतात, माझ्याकडे नुसती हजेरी लागते." तिच्या आधीच्या फर्म्याची घाईवाली तर पहिल्याच दिवशी ओरडली होती, "सुटतो गं तो शेवटी!" त्यावर सगळ्या तिच्या अंगावर अशा धावून गेल्या की पुढचे दोन दिवस ती गप्प बसून डबा खात होती.

गोष्ट आठव्या फर्म्यापर्यंत सुरळीत चालली. नवव्यात थोरलीने सांगितलं ते असं, की हा नेता तुरुंगात काथ्याच्या चटया विणत असतो आणि घरून तार येते. आई अत्यवस्थ आहे. तो वॉर्डनकडे जातो, वॉर्डन मोठ्या साहेबाकडे नेतो. ज्या माणसाने आयुष्यात कधी कुणापुढे मान खाली घातली नाही, तो त्या दिवशी साहेबापुढे टोपी काढून उभा राहतो आणि म्हणतो, एक दिवस द्या, आईला बघून येतो. साहेब खुर्ची मागे सरकवतो, खिडकीपाशी जातो, पाठ फिरवूनच उभा राहतो आणि म्हणतो... संपला फर्मा. वाक्यही पुरं नाही.

"काय म्हणतो?" सगळ्या एका सुरात ओरडल्या.

काय म्हणतो ते दहाव्या फर्म्यात होतं. आणि दहावा होता धाकटीकडे.

इथेच सगळं अडलं. थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी. मेज शेजारी-शेजारी आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. पट्टी हवी असली तरी थोरली भिंतीला सांगायची, "कुणाला नको असेल तर ती पट्टी इकडे द्यावी म्हणते," आणि धाकटी खिडकीला सांगायची, "नको कशाला असेल, कामच चाललंय." घड्या घालायला दोघींना शिकवलं आईने, याच खोलीत. धाकटी लग्न करून लांबच्या गावी गेली, थोरली आईजवळ राहिली. आई आजारी पडली, ते आजारपण थोरलीने एकटीने काढलं. शेवटी धाकटीला निरोप गेला, पण ती येऊन पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच म्हणाली, "आधी का नाही कळवलंस?" थोरली दमलेली, रडून कोरडी झालेली. ती म्हणाली, "इतके महिने आजारी होती, एकदा तरी फिरकलीस का?" झालं. पुढे धाकटीचा नवरा बदली होऊन याच शहरात आला, तिने येतं ते एकच काम धरलं, पण बहिणीबहिणींच्या तोंडांना जे कुलूप लागलं ते लागलंच.

बायकांनी मध्यस्थी करून पाहिली. धाकटी म्हणाली, "ज्याला कळायला हवंय त्याने स्वतः विचारावं." थोरली म्हणाली, "माझं काही अडलेलं नाही." साफ खोटं! बाईला जेवण जाईना. आपल्या आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली बाई ती. त्या माणसाला आई भेटली का, एवढंच तिला कळायला हवं होतं, आणि ते कळल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येणार नव्हता. पुस्तक बांधून झालं की खोकी थेट गाडीत जातात, घड्या घालणारीला प्रत कोण देतो? थप्पी रोज उतरत होती. दोन-तीन दिवसांत दहावा फर्मा खोलीतून जाणार आणि साहेब आयुष्यभर खिडकीपाशी पाठ फिरवून उभा राहणार.

म्हणून थोरलीने चोरी केली.

जेवणाच्या सुट्टीत धाकटी हात धुवायला गेल्यावर तिच्या थप्पीवरचा घडी घातलेला एक फर्मा तिने उचलला, एप्रनखाली दडवला आणि सामानाची खोली गाठली. पण घडी घातलेला फर्मा वरून आणि कडेने बंद असतो. त्याच्या कडा कापल्याशिवाय पानं उघडत नाहीत. डोळा लावला तर अर्धी ओळ दिसते. शेवटी तिने तो उलगडला. उलगडला तर काय, निम्मी पानं डोक्यावर उभी, पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं! कागद फिरव, मान वाकडी कर, असं करत एवढं सापडलं की साहेब म्हणाला, "नियमात बसत नाही." म्हणजे नाही भेटली. थोरलीने तिथेच पोत्यावर बसकण मारली. पुढचं पान शोधतेय तोच सुट्टी संपल्याची घंटा झाली. घाईघाईने घड्या घालून ती परतली, तर धाकटी आधीच जागेवर हजर. फर्मा परत ठेवायचा कसा? डोकं चालेना, हात मात्र सवयीने चालले. हातातली घडी नेहमीच्या जागी गेली, म्हणजे स्वतःच्याच थप्पीवर, आणि त्यावर नवव्या फर्म्याच्या पुढच्या घड्या भराभर चढल्या.

दुसऱ्या दिवशी जुळणीकाकांनी आरोळी ठोकली. जुळणीकाका म्हणजे प्रत्येक थप्पीतला एकेक फर्मा उचलून पुस्तक जुळवणारे. फर्म्यांच्या पाठीवर छोटी काळी खूण असते, प्रत्येकाची आधीच्यापेक्षा थोडी खाली. बरोबर जुळलं की खुणांचा नीट जिना दिसतो. काकांच्या हातातल्या पुस्तकाच्या जिन्याला एक पायरी नव्हती आणि तिच्या खालची दोनदा होती. "नववा गायब, दहावा डबल!" काका म्हणाले. "आता जुळलेली सगळी उलटून तपासा, आणखी कुठे आहे का ते!"

सुपरवायझरबाई तावातावाने आल्या. नवव्याच्या थप्पीत दहावा सापडला म्हटल्यावर त्यांनी पहिली नजर टाकली ती धाकटीवर. बहिणींचं भांडण सगळ्या कारखान्याला माहीत.

"तूच घुसवलास ना? हिला बोलणी बसावीत म्हणून?"

"मी कशाला घुसवू? माझ्या डोक्याला काय कमी ताप आहे?"

"मला शिकवू नकोस. घरचं भांडण पुस्तकात घालतेस? उद्यापासून तू पलीकडच्या इमारतीत, लिफाफ्यांवर. तिथे मिसळायला काही नाही."

लिफाफ्यांचं खातं म्हणजे शिक्षाच. दिवसभर कोरा कागद, वाचायला एक अक्षर नाही. धाकटीचा चेहरा पडला. तिने थोरलीकडे पाहिलंसुद्धा नाही. ही आपल्या बाजूने बोलेल अशी तिला आशाच नव्हती, आणि तेच थोरलीच्या काळजाला लागलं. कारण गप्प बसली असती तर तिचं काहीच बिघडणार नव्हतं, उलट शेजारची कटकट जाणार होती! अशी संधी कोण सोडतं?

"मी घेतला होता तो फर्मा," थोरली म्हणाली. "हिने नाही. मी चोरला."

खोलीतल्या सगळ्या पट्ट्या थांबल्या.

"चोरलास? कशाला?" सुपरवायझरबाईंना काही उमगेना.

"वाचायला. त्याला आई भेटली का ते बघायचं होतं."

यावर रागवायचं की हसायचं हे त्या बाईंना ठरवता येईना. त्या नुसत्याच "कमाल आहे बाई तुम्हा लोकांची!" म्हणाल्या. लिफाफ्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. धाकटी मात्र वळली आणि कित्येक वर्षांनी भिंतीला नाही, खिडकीला नाही, सरळ बहिणीला म्हणाली, "चोरायचं काय त्यात? मागायचा होतास."

"मागितला असता तर दिला असतास?"

"मुळीच नाही!"

आधी वकीलीणबाई फिस्सकन हसली, मग सगळी खोली. काकांना तर हसताना ठसका लागला.

"वाचलास का मग पुरता?" धाकटीने विचारलं.

"कुठलं गं! निम्मी पानं डोक्यावर उभी. साहेब नाही म्हणाला तिथवरच सापडलं. पुढे काय झालं त्याचं?"

धाकटीने हातातली पट्टी खाली ठेवली. कागदाकडे न बघता ती बोलू लागली. तिला सगळं पाठ होतं. तो परत येऊन चटई विणायला बसला. आई त्याच रात्री गेली. त्याला रडूच आलं नाही, पुढे कित्येक महिने आलं नाही. मग कधीतरी त्याची बहीण भेटायला आली. मध्ये जाळी, बाजूला पहारेकरी. चळवळीचं काही विचारायचं नाही, बाहेरच्या जगाचं विचारायचं नाही. त्याने एकच विचारलं, शेवटच्या दिवशी आईने काय काय केलं ते सांग. बहीण सांगत राहिली. आई उठली कधी, कुणावर ओरडली, कुणाला उसनं दिलेलं भांडं परत मागितलं. भेटीची वेळ संपली तरी पहारेकऱ्याने हटकलं नाही. "आणि तो लिहितो," धाकटी म्हणाली, "की साहेबाने मला जाऊ दिलं नव्हतं, पण त्या दिवशी मी घरी जाऊन आलो."

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला.

"मला नाही सांगितलं कुणी," धाकटी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "पुस्तकाचा अकरावा-बारावा फर्मा कुणी नाही सांगितला तरी चालेल गं. माझ्या आईचा शेवटचा दिवस मला कुणी सांगितलाच नाही. तू भांडत राहिलीस आणि मीही."

थोरलीला हुंदका आवरेना. ती उठली, आपलं स्टूल ओढत धाकटीच्या मेजाशी आणलं आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"त्या दिवशी दुपारीच निरोप धाडणार होते गं तुला," ती म्हणाली. "देवाशपथ. पण दुपारी ती हसत होती. हसणारं माणूस रात्री जाईल असं कुणाला वाटतं? म्हटलं, बरी होतेय, उगाच तुझी धावपळ कशाला."

धाकटीने मान वर केली. गालांवर पाणी तसंच.

"हसत होती?"

"तर काय! डॉक्टर नाडी बघायला आला तर त्यालाच म्हणते, आधी शर्टाचं बटण लावून घे, पोटात वारं जाईल. तो बिचारा लावायला गेला तर हातातच तुटून आलं, आणि ही हसतेय हसतेय, थांबायलाच तयार नाही. मी म्हटलं, आई, पुरे, दम लागेल. तर म्हणते, धाकटी असती तर ती पण हसली असती, तू मेली भारी गंभीर."

धाकटीच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडला. तिने थोरलीचा हात घट्ट धरला.

"असं नको," ती म्हणाली. "सकाळपासून सांग. उठली कधी तिथपासून."