शेजारची सीट

गाडी घ्यायला निघालेला माणूस आधी रंग बघतो, मग किंमत ऐकतो आणि मग घरी जाऊन बायकोला विचारतो. आमचे घड्याळजी गाडी घ्यायला निघाले ते टेम्पोत लाकडाचं खोकं टाकून. सहा फुटांना बोटभर कमी, दीड फूट रुंद, आत वाळूच्या दोन पिशव्या. वर आणखी एक पुठ्ठ्याचा चौकोनी डबा. शोरूमच्या काचेच्या दारातून हे सामान आत येताना पाहून तिथल्या मुलीच्या तोंडचं "वेलकम सर" अर्ध्यातच राहिलं. पुढचं सगळं ती "काका"च म्हणाली.

तिची काही चूक नव्हती. लांबून बघणाऱ्याला ती तिरडीच वाटली असती.

घड्याळजींचा धंदा उभ्या घड्याळांचा. पुरुषभर उंचीची, पोटात लंबक हलवणारी, दर तासाला घर दणाणून सोडणारी घड्याळं. अशी घड्याळं आता राहिलीत किती, असं कुणी म्हणालं की घड्याळजी चिडायचे. "तुमच्याकडे नाही म्हणून जगात नाही का?" आणि खरंच, त्यांना काम कधी कमी पडलं नाही. जुन्या घरांतून घड्याळ उचलायचं, दुकानात आणायचं, दोन-तीन महिने त्याच्या नाकदुऱ्या काढायच्या आणि परत नेऊन उभं करायचं. त्यासाठी गाडी लागायची ती इस्टेट. इस्टेट म्हणजे जमीनजुमला नव्हे हो. पुढून साध्या मोटारीसारखी, बुटकी, आणि मागे डिकीच्या जागी एक लांबलचक खोलीच जोडलेली, अशी गाडी. ट्रकमध्ये घड्याळ हादरतं. उंच गाडीत ते चढवताना कंबर जाते. जुनी इस्टेट सव्वीस वर्षं चालली आणि गेल्या महिन्यात गॅरेजवाल्यानं हात जोडले. "आता हिला सोडा," म्हणाला.

पैशाचा प्रश्न नव्हता. लग्न केलं नाही, व्यसन नाही, हौस नाही. पैसा बँकेत नुसता बसून होता. तेव्हा गाडी चांगलीच घ्यायची, हे ठरलं होतं. राहिल्या होत्या दोन. एकाच रस्त्यावर, समोरासमोरच्या शोरूममध्ये. एक निळी, एक करडी.

आधी निळी. काय गाडी होती म्हणता! आत बसलं की बाहेरचा रस्ता मुका व्हायचा. मागची सीट पाडली की घड्याळाचं अख्खं धड सरळ आत, पुढच्या दोन्ही सीटना धक्का न लावता. भानगड एकच होती. डिकीचा उंबरठा उंच आणि त्याच्या आत फळी चार बोटं खोल. म्हणजे घड्याळ नुसतं ढकलून चालत नव्हतं. एकानं मागून उचलून धरायचं, दुसऱ्यानं बाजूच्या दारातून आत वाकून दुसरं टोक अलगद खाली घ्यायचं. टेम्पोवाल्यानं मदत केली. माणूस भला, पण त्याचं उचलणं म्हणजे पोतं टाकणं. घड्याळाच्या मापाचं ते खोकं आत धाडकन आपटलं आणि घड्याळजींच्या काळजात कळ आली. आत नुसती वाळू होती, तरीही.

"मी धरते ना काका दुसरं टोक," ती मुलगी म्हणाली. तिनं खरंच धरलंही, अगदी नीट.

"छान धरतेस गं. रोज येशील का?"

ती हसली. घड्याळजीही हसले, पण त्यांचं हसू लगेच आटोपलं.

मग रस्ता ओलांडून करडी. ही जरा आखूड. पण हिचं एक बटण दाबलं की गाडी मागच्या बाजूनं खाली बसायची, आणि फळी थेट उंबरठ्याला लागून, गुळगुळीत. खोक्याचं एक टोक टेकवलं, दुसरं उचललं, ढकललं की गेलं आत. एकट्या माणसाचं काम. टेम्पोवाला हात खिशात घालून बघत राहिला. अडचण शेवटी आली. खोकं पाच-सहा इंच बाहेर राहत होतं. तिथल्या पोरानं पुढं होऊन दुसरं बटण दाबलं, तशी ड्रायव्हरच्या शेजारची सीट पुढं वाकली आणि सपाट झाली. त्यावरून घड्याळाचे पाय थेट पुढं, काचेच्या जवळ. दार बंद. चपखल.

"एकट्यासाठी हिच्यासारखी गाडी नाही बघा," तो अभिमानानं म्हणाला.

बिचाऱ्याला काय ठाऊक तो काय बोलला ते.

कारण प्रश्न एवढाच होता. निळीत घड्याळ चढवायला दोन माणसं लागत होती आणि दोन माणसांना बसायला जागा होती. करडीला एकच माणूस पुरत होता आणि घड्याळ असताना एकालाच जागा होती. करडी घ्यायची म्हणजे दुसरा माणूस परत येणार नाही, हे सही करून मान्य करायचं.

दुसरा माणूस म्हणजे धाकटा. घड्याळजींचा पाठचा भाऊ. चाळीस वर्षं दोघांनी मिळून घड्याळं वाहिली. जिना उतरताना घड्याळजी खालच्या बाजूला, उलटे चालत. धाकटा वरच्या बाजूला. उलटं चालणाऱ्याला पायरी दिसत नाही, म्हणून वरच्यानं उरलेल्या पायऱ्या मोठ्यानं मोजायच्या. चार. तीन. दोन. एक राहिली. आली जमीन. हा त्या दोघांचा रिवाज होता. धाकट्यानं जमीन म्हटलं की जमीन. घड्याळजींनी कधी खाली वळूनसुद्धा बघितलं नाही. गाडीत घड्याळाचं धड मागे आडवं असायचं आणि त्याचं मुंडकं, म्हणजे तबकडीवरची लाकडी घुमटी, धाकट्याच्या मांडीवर. ते कुठंच ठेवायचं नसतं. त्याची काच हातातच सांभाळावी लागते.

अडीच वर्षांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंच्या घरी तो प्रकार झाला. खरं काय झालं ते सांगूनच टाकतो, कारण घड्याळजींनी ते कुणालाच सांगितलं नाही. जिना उतरताना बाई खाली उभ्या होत्या आणि घड्याळजी त्यांना सांगत होते, की चाळीस वर्षांत आपल्या हातून एक खिळासुद्धा पडलेला नाही. बढाया मारत होते, दुसरं काय! वरून धाकटा स्वच्छ म्हणाला, "एक राहिली." घड्याळजींनी ते ऐकलं. कानांनी ऐकलं, पण तोंड चालूच होतं आणि पाय तोंडाबरोबर गेला. पाय पडला तो जमीन समजून. घड्याळ निसटलं, त्याच्या दाराची काच फुटली, दीडशे वर्षांचं लाकूड कडेनं उभं तडकलं.

आणि मग उचलली जीभ, लावली टाळ्याला. "चाळीस वर्षांत एकापर्यंत मोजायला शिकला नाहीस!" बाईंच्या समोर. आपल्या भावाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

धाकट्यानं काचा गोळा केल्या, घड्याळ गाडीत ठेवलं, मुंडकं मांडीवर घेऊन दुकानापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी आला नाही. पुढच्या महिन्यात बायकोच्या गावी राहायला गेला. तिथं कुलपं-किल्ल्यांचं काम करतो, असं कुणाकडून तरी कळलं. गाडीच्या पुढच्या कप्प्यात त्याचे कातडी हातमोजे राहिले होते. घड्याळजींना वाटलं, हा पठ्ठ्या हातमोजेसुद्धा टाकून गेला, म्हणजे संपलंच. त्यांना राग आला. रागावणं सोपं होतं. आपण चुकलो हे त्यांना त्या पायरीवरच कळलं होतं. फोन उचलला की ते बोलावं लागेल, म्हणून फोन उचलला नाही. आठवडा गेला, महिना गेला, आणि मग तर इतके दिवस का केला नाही याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आणि सुंभ जळलाच होता. अडीच वर्षं हा माणूस भाड्यानं हमाल घेऊन घड्याळं उतरवत होता, प्रत्येक पायरी पायानं चाचपत. दुकानात नऊ घड्याळं चालू, नऊही एकमेकांना उत्तरं देणारी, आणि या माणसाला दिवसभरात कुणी "चहा घेतलास का" म्हणून विचारणारं नाही. संध्याकाळी पोळी-भाजी उभ्यानंच खायची, कारण एकट्यासाठी ताट कशाला मांडा. एकदा दुकानाच्या दोन पायऱ्या उतरताना ते स्वतःच "एक राहिली" म्हणाले आणि ओशाळून इकडंतिकडं बघितलं. बघायला कुणी नव्हतंच.

तर दोन्ही गाड्या बघून, खोकं टेम्पोत परत घालून ते पुन्हा निळीकडे आले. टेम्पोवाला एव्हाना वैतागला होता. "काका, घर बांधायचंय का गाडी घ्यायचीय?"

"थांब रे. एक माप राहिलंय."

ते राहिलेलं माप म्हणजे पुठ्ठ्याचा डबा. मुंडक्याच्या मापाचा बनवून आणलेला. निळीत शेजारच्या सीटवर बसून हा मांडीवर नीट मावतो का, ते बघायचं होतं. आता सीटवर बसवायला माणूस नाही, म्हणून घड्याळजी स्वतःच बसले. शेजारच्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. गाडी नेहमी त्यांनीच चालवली. मुलीनं डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दार लावलं.

डबा मावला. पण घड्याळजींना समोरचं काही दिसेना. डोळ्यांसमोर नुसता पुठ्ठा. मान उजवीकडे वळवली तर स्टिअरिंग, डावीकडे वळवली तर काचेची एक पट्टी. हात डब्याभोवती अडकलेले. नाक खाजवायचं म्हटलं तरी सोय नाही.

चाळीस वर्षं. गावोगावच्या रस्त्यांनी, घाटांनी, "बघ रे काय सुंदर डोंगर आहे" असं घड्याळजी म्हणायचे आणि धाकटा "हो दादा" म्हणायचा. काय बघत होता तो? लाकूड! आणि एकदाही म्हणाला नाही, की दादा मला काही दिसत नाही.

घड्याळजींनी डबा तसाच मांडीवर ठेवून, वाकडातिकडा हात करून खिशातून फोन काढला. आता लावला नाही तर कधीच नाही.

भावजयीनं उचलला. आवाज ओळखून "देते हं" म्हणाली, आणि लांबून ऐकू आलं, "अहो, तुमच्या दादांचा."

"बोल," धाकटा म्हणाला.

घड्याळजींनी बोलायचं ते सोडून गाड्यांचं सुरू केलं. निळीचा उंबरठा, चार बोटांची खोली, करडीचं बटण, वाकणारी सीट. इंच-इंच सांगितला. धाकटा ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, "पायांकडची बाजू आधी घातलीस ना?" म्हणजे नीट ऐकत होता.

"निळीला दोन माणसं लागतात," घड्याळजी शेवटी म्हणाले.

"हं."

"एक राहिली म्हणाला होतास तू. मी ऐकलं होतं. चूक माझी होती."

फोनमध्ये किल्ल्या घासायच्या यंत्राची घरघर येत होती, ती बंद झाली.

"माहीत आहे मला," धाकटा म्हणाला. "मीच मोजत होतो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. हातमोजे मी मुद्दाम ठेवले होते, दादा. म्हटलं, परत द्यायच्या निमित्तानं तरी येईल. सहा महिने वाट बघितली. हिला विचार. रस्त्यावर गाडी थांबली की उठून बघायचो."

घड्याळजी पुठ्ठ्याकडे बघत राहिले. हातमोजे आता दुकानात होते, खुंटीवर, त्यांच्या स्वतःच्या हातमोज्यांशेजारी.

"तर मग निळी घेऊ का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान पोराचा झाला होता.

पलीकडे धाकट्यानं खुर्ची ओढून घेतली.

"नको. माझा खांदा गेलाय गेल्या वर्षी. डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलायलाही बंदी केलीय. मी नाही येणार आता घड्याळ धरायला. करडीच घे तू."

"बरं," घड्याळजी म्हणाले. इतकं एकटं त्यांना दुकानातल्या नऊ घड्याळांमध्येही कधी वाटलं नव्हतं.

"दादा."

"काय रे?"

"करडीची ती सीट. घड्याळ नसलं की उभी राहते ना?"

"राहते. बटण आहे."

"मग घड्याळ नसेल त्या दिवशी ये. हातमोजे घेऊन ये माझे."

फोन बंद झाला. घड्याळजी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. घड्याळ न घेता आपण दोघं गाडीतून कुठं गेलो होतो, ते आठवायचा प्रयत्न करत होते. चाळीस वर्षांत एक दिवससुद्धा आठवेना. कुठं जातात अशा वेळी माणसं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मुलीनं दार उघडलं आणि डबा उचलून घेतला. तिनं त्यांचे डोळे पाहिले आणि गाडीबद्दल काही विचारलं नाही. "पाणी आणू का काका?" एवढंच म्हणाली.

"नको गं. तुझी गाडी फार चांगली आहे. पण मला समोरचीच घ्यावी लागेल."

रस्ता ओलांडून ते पुन्हा करडीपाशी गेले. तिथला पोरगा कागद घेऊन धावत आला.

"सही नंतर करतो," घड्याळजी म्हणाले. "आधी ती सीट वर कशी येते ते दाखव."

त्यानं बटण दाबलं. सीट हळूहळू वर आली आणि सरळ उभी राहिली. घड्याळजींनी तिच्यावर खोक्यातून सांडलेली वाळू हातानं झटकली.

"पुन्हा एकदा दाखव," ते म्हणाले.