बेल दाबली की लागणारा दिवा

प्रयोगशाळेत कुणी सोल्डरिंग सुरू केलं, की त्या जळक्या राळेच्या वासानं मला मरोद्यातल्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते. बाबा जवळच्या स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या आवाजानं त्यांचे कान गेले आणि रिटायर झाल्यावर ते गप्पगप्पच राहू लागले. आई बाहेर असली की आलेलं माणूस बेल वाजवून वाजवून परत जायचं. बाबांना ते मागाहून कळायचं आणि फार लागायचं. म्हणून मी कॉलेजातून शिकाऊ मुलांसाठीचा तळहाताएवढा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घरी आणला आणि बेल दाबली की त्यांच्या खुर्चीसमोर लाल दिवा लागावा, असा प्रोग्राम लिहिला. पण दिवा काही लागेना. तीनदा प्रोग्राम तपासून मी रडकुंडीला आले, तेव्हा बाबा चष्मा लावून शेजारी येऊन बसले. एकेका वायरीवरून बोट फिरवत म्हणाले, "पोरी, बटनाची ग्राउंड वायर तं तू लावलीच नाई. कावून रडून राहिली?" ती वायर त्यांनीच सोल्डर करून जोडली आणि मला बाहेर पिटाळलं. मी बेल दाबली. बोट काढायच्या आत दार उघडलं. समोर बाबा ताठ उभे होते, हसू दाबत. "कोन पायजे तुमाले?" त्यांनी विचारलं. आता मी हेच बोर्ड कॉलेजातल्या मुलींना शिकवते, आणि सुटीत घरी गेले की आईच्या आधी बाबाच दाराशी पोचलेले असतात.